विमानाच्या पोटाचा रंग

माधवराव जगदाळ्यांच्या तोंडून 'अस्सल' हा एक शब्द निसटला नसता, तर १९९५ सालची ती दिवाळी आणि पुढचे चार महिने त्यांच्या घरात सुखाने गेले असते. पण शब्द निसटला, तोही सासुरवाडीत, आणि सासुरवाडीत निसटलेला शब्द परत घेता येत नाही.

झालं असं की माधवरावांचे सासरे तुकोजीराव घोरपडे यांचं सहस्रचंद्रदर्शन फेब्रुवारीत यायचं होतं. त्याच्या तयारीसाठी बडोद्यात अकोट्याच्या घरी सगळे जमले होते. मेहुणा आनंद चांदीचं ताट देणार होता. माधवरावांची बायको निरुपमा शालीचा विचार करत होती. माधवराव चिवड्यातले शेंगदाणे वेचत होते. समोर भिंतीवर १९४४ सालचा काळा-पांढरा फोटो होता. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरचं कुठलंसं धावपट्टीचं मैदान, त्यावर हरिकेन जातीचं लढाऊ विमान, आणि विमानापुढे हातात पाना घेऊन उभे असलेले तिशीला टेकलेले तुकोजीराव. ते हवाई दलात फिटर होते. घरात येणारा प्रत्येक माणूस हा फोटो बघत असे, आणि त्याबद्दल विचारलं की तुकोजीराव "होतं एक विमान" एवढंच सांगत असत.

"मी या विमानाची प्रतिकृती करीन," माधवराव एकदम म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. "अगदी अस्सल रंगात."

तुकोजीरावांनी मान वर केली. "रेल्वेत हल्ली हेडक्लार्कांना रंगकाम शिकवतात वाटतं," ते म्हणाले.

सगळे हसले. निरुपमासुद्धा हसली. बाकीच्यांचं माधवरावांना काही वाटलं नसतं, पण बायकोने हसताना तोंडावर पदर घेतला होता. पदर घेतला म्हणजे हसू मनापासूनचं. अकोट्याहून कारेलीबागेतल्या आपल्या घरी परत येईपर्यंत स्कूटरवर त्यांच्या डोळ्यांपुढे तो पदरच होता.

विमानाचे सुटे भाग मिळायला अडचण आली नाही. निरुपमाची बहीण नयना इंग्लंडात लेस्टरला असते. तिने प्लॅस्टिकच्या भागांचा खोका येणाऱ्या माणसाबरोबर पाठवला. विमान टीचभर लांब, भाग एक्याऐंशी. ते माधवरावांनी पंधरा दिवसांत चिकटवले. त्यात विमानाचं एक चाक आणि माधवरावांचा अंगठा एकमेकांना चिकटण्याचा प्रकार घडला, पण तो विषयाला सोडून आहे. मुख्य मुद्दा असा की रंगाच्या डब्या ज्वालाग्राही म्हणून विमानातून आणू दिल्या नाहीत. खऱ्या विमानात नकली विमानाचा रंग चालत नाही, याची माधवरावांनी मनात नोंद केली. माहितीपत्रकात रंगांची नावं मात्र होती. वरच्या बाजूला 'डार्क अर्थ' आणि 'डार्क ग्रीन' यांचे पट्टे, आणि खाली पोटाला 'स्काय'.

"सोपं आहे," माधवराव निरुपमेला म्हणाले. "माती, झाडं आणि आकाश. लहान मूलसुद्धा रंगवील."

समोरच्या ब्लॉकमध्ये शालिनीताई राहायच्या. पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी पत्रक चष्म्याजवळ धरलं. "माती म्हणजे कुठली माती, माधवराव?"

"कुठली म्हणजे?"

"काळी, तांबडी, की रेताड गोराडू? ओली, की सुकलेली? इंग्रजांची माती, की ब्रह्मदेशातली? माती असा रंगच नसतो हो. मी मुलींना पस्तीस वर्षं हेच सांगितलं."

माधवरावांनी ही शंका तिथेच झटकून टाकायला हवी होती. पण हेडक्लार्काच्या हाडामांसात एक खोड असते. कागदावर शंका निघाली की तिचं निरसन झाल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. त्या रविवारी ते विश्वामित्रीच्या काठची माती घेऊन आले. पुढच्या रविवारी पादऱ्याकडची काळी आणि छाणीकडची गोराडू. होता होता बाल्कनीत सात बशांमध्ये सात प्रकारची माती वाळत पडली. निरुपमेने पाहुण्यांसाठीच्या बशा म्हणून एकदा, आणि नंतर नुसतंच एकदा, असं दोनदा सुनावलं.

तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी ठाकोरभाई खालून वर बघत उभे राहिले.

"जगदाळेसाहेब, आ शुं मांड्युं छे? गॅलरीमां कूंडां मूकवानी मनाई छे. पाणी गळे छे."

"कुंड्या नाहीत, ठाकोरभाई. नुसती माती आहे. झाड नाही."

"झाड नथी?" ठाकोरभाई विचारात पडले. "तो माटी शेनी?"

"विमानाची."

ठाकोरभाई आणखी काही न विचारता निघून गेले. संध्याकाळी जिन्यात माणसं माधवरावांशी जरा जपून बोलू लागली.

सात बशांनी गोंधळ वाढला, तेव्हा माधवरावांनी प्रत्यक्ष साक्षीदारालाच गाठायचं ठरवलं. विमान ज्याने रोज पाहिलं तो माणूस अकोट्याला झोपाळ्यावर बसलेला असताना बशा कशाला? त्यांनी वीस रंगांचे वीस पुठ्ठे केले, मागे क्रमांक घातले आणि सोमवारी सासऱ्यांपुढे ठेवले.

तुकोजीरावांनी सगळे पाहिले आणि अकरा नंबर उचलला. "हा. मातीचा. अगदी हाच."

माधवरावांनी वहीत लिहून घेतलं. गुरुवारी खात्री करून घ्यायला ते पुन्हा गेले आणि अकरा नंबर पुढे केला.

"हा?" तुकोजीराव म्हणाले. "हा तर हिरवा आहे. याला माती कोण म्हणालं?"

"आपणच, दादासाहेब. सोमवारी."

"मी? मला काय वेड लागलंय?"

माधवराव परत आले आणि जेवले नाहीत. रंग चुकला असता तर एक वेळ चाललं असतं, पण साक्षीदारच फिरला होता. उलगडा पुढच्या सोमवारी झाला. तुकोजीरावांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू दसऱ्याला काढला होता. डाव्याचा अजून पिकायचा होता. सोमवारी औषध घातल्यामुळे उजवा डोळा मिटलेला असे, आणि डाव्या डोळ्याला मोतीबिंदूमुळे सगळं जग पिवळट-तपकिरी दिसे. गुरुवारी उजवा उघडा, तर त्याला सगळं टवटवीत हिरवं-निळं.

"मग खरा कुठला डोळा?" माधवरावांनी निरुपमेला विचारलं.

"दोन्ही खरेच आहेत. माझ्या वडिलांचे आहेत ते," निरुपमा म्हणाली, आणि पोळ्या लाटू लागली.

घरची साक्ष अशी कुचकामी ठरल्यावर सरकारी कागद हाच आधार उरला. दिल्लीतल्या एका कचेरीला माधवरावांनी इंग्रजीत अर्ज टंकलिखित केला, तीन प्रतींत. विषय, संदर्भ, परिच्छेदांना क्रमांक. १९४४ साली हरिकेन विमानांना लावलेल्या रंगांची माहिती मिळावी, अशी नम्र विनंती. असा अर्ज आपल्या टेबलावर आला असता तर आपण उभं राहून वाचला असता, असं त्यांना वाटलं.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. विमान रंगारी या पदासाठीचा आपला अर्ज विचारात घेता येत नाही, कारण उमेदवाराची वयोमर्यादा पंचवीस आहे. शिवाय आपण क्रीडाप्रमाणपत्र जोडलेलं नाही.

दुसरा कोणी असता तर त्याने पत्र फाडलं असतं. माधवरावांनी खुलासा पाठवला, की आपण पन्नास वर्षांचे असून आपल्याला नोकरी आहे आणि ती चांगली आहे. त्यावर उत्तर आलं, की वयाची अट शिथिल करण्याबाबतचं आपलं निवेदन वरिष्ठांकडे पाठवण्यात आलं आहे. माधवरावांनी ते पत्र तीनदा वाचलं. एकतीस वर्षं त्यांनी स्वतः अशी पत्रं लिहिली होती. ती मिळाल्यावर माणसाचं काय होतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

दरम्यान निदान आकाश तरी उरकावं म्हणून त्यांनी विमानाचं पोट सुंदर आकाशी रंगवलं. जानेवारीतल्या बडोद्याच्या आकाशाशी गॅलरीत उभं राहून ताडून पाहिलं. फरक नव्हता. मोठ्या आनंदात त्यांनी नयनाला फोन लावला. तिने तिथल्या दुकानदाराला विचारून ठेवलं होतं.

"भावजी, 'स्काय' म्हणजे आकाशी नाही."

"म्हणजे?"

"ते नुसतं नाव आहे. रंग फिकट हिरवट असतो. तो म्हणाला, बदकाच्या अंड्यासारखा."

माधवरावांनी फोन ठेवला. आकाश हिरवं, माती तपकिरी की हिरवी ते डोळ्यावर अवलंबून, आणि आपण विमान रंगाऱ्याच्या जागेसाठी वशिला लावतोय. हे सगळं कुठे सुरू झालं होतं, ते त्यांना नीट आठवेना.

तर आता बदकाचं अंडं हवं होतं. कचेरीत घोषबाबू नावाचे बंगाली सहकारी होते. ते डोळे मिटून म्हणाले, बदकाचं अंडं म्हणजे काय हे गुजरातेत विचारणारे तुम्हीच पहिले. चार दिवसांनी त्यांनी कुठूनशी दोन अंडी आणून दिली. एक पांढरंफेक निघालं. दुसरं मात्र खरोखर फिकट हिरवट होतं, असा रंग की बघताना आधी निळा वाटावा, मग राखाडी, आणि मान वळवली की काहीच न वाटावा. माधवरावांनी ते रुमालात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवलं.

जिन्यात ठाकोरभाई भेटले. सोसायटीची सत्यनारायणाची पूजा होती, त्याचा प्रसाद त्यांच्या हातात होता. "लो साहेब, डब्बामां ज लई लो," असं म्हणत त्यांनी प्रेमाने माधवरावांच्या हातातला डबा उघडला.

आत रुमाल होता. तो त्यांनी उलगडला.

"आ तो ईंडुं छे," ठाकोरभाई हळूच म्हणाले.

"मरघीनुं नथी," माधवराव घाईघाईने म्हणाले. "बतकनुं छे." हे बोलल्यावर आपली बाजू सुधारली नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. "खावा माटे नथी, ठाकोरभाई! रंग जोवा माटे छे!"

ठाकोरभाईंच्या मागे एव्हाना चार माणसं जमली होती. जगदाळे मंडळी घरात काय शिजवतात हे सोसायटीला वीस वर्षं ठाऊक होतं. दार लावून जो तो आपलं खातो, असा मुका करार होता. पण अंडं घेऊन जिन्यात उभं राहायचं आणि ते रंगासाठी आहे असं सांगायचं, हा लोकांना आपल्या बुद्धीचा अपमान वाटला. रविवारी सभा बोलावली गेली. माधवरावांनी पुराव्यादाखल विमान, पत्रक, सात बशा आणि दिल्लीची दोन्ही पत्रं सभेपुढे ठेवली. पत्रं वाचून ठाकोरभाईंचा चेहरा एकदम मऊ झाला.

"एम कहो ने, साहेब," ते म्हणाले. "पचासमे वर्षे नोकरी शोधवी पडे, ए सहेलुं नथी."

सभेने एकमताने विषय मिटवला. दुसऱ्या दिवसापासून शेजारचे लोक माधवरावांना आपापल्या ओळखीच्या कारखान्यांचे पत्ते देऊ लागले. निंदेपेक्षा हे माधवरावांना जास्त लागलं.

वरच्या मजल्यावरचा मुकुंद सुर्वे तेवढा खरंच उपयोगी पडला. तो नंदेसरीला रंगद्रव्यांच्या कारखान्यात केमिस्ट होता. "काका, अंड्याचं टरफल द्या. प्रयोगशाळेत रंग जुळवून आणतो," तो म्हणाला, आणि खरोखर बाटली भरून आणली. रंग हुबेहूब होता. माधवरावांनी तो परातीत ओतला, विमानाचं पोट त्यात बुडवलं आणि आशेने बाहेर काढलं. विमानावर नव्या रंगाचा थेंब राहिला नाही. माधवरावांचे दोन्ही हात मात्र मनगटापर्यंत बदकाच्या अंड्याच्या रंगाचे झाले.

"अहो काका, हा कापडाचा रंग आहे!" मुकुंद म्हणाला. "प्लॅस्टिकवर बसत नाही. धुतला तरी जात नाही मात्र. आमची हमी आहे."

हमी खरी निघाली. पुढचे नऊ दिवस माधवराव प्रतापनगरच्या कचेरीत हिरव्या हातांनी सह्या करत होते. साहेब समोर आले की ते हात टेबलाखाली घेत. साहेबांनी एकदा फक्त "तब्येत बरी आहे ना?" असं विचारलं. त्या विचारण्यातली दया त्यांना सहन झाली नाही.

शेवटी माधवराव स्वतःचा उजवा हात घेऊन गोरव्याला गेले. तिथे लोखंडी कपाटं रंगवणारी एक शेड होती. कारागिराला त्यांनी तळहात दाखवला आणि म्हणाले, "हा रंग."

कारागिराने कसलाही प्रश्न विचारला नाही. त्याने तेलरंगात रंग मिसळले, हाताशेजारी फळी धरून पाहिली आणि कपाटाच्या फवाऱ्याने विमानावर तीन हात दिले. वरच्या बाजूला माधवरावांनी घरी तपकिरी आणि हिरव्या रंगाचे पट्टे ओढले, एक डाव्या डोळ्यासाठी आणि एक उजव्यासाठी. आधीचे पुसलेले, न पुसलेले सगळे थर खाली होतेच. एकूण सात थरांखाली विमानाच्या रेघा बुजल्या, पंखा फिरायचा थांबला, आणि हरिकेनला मध्यमवयीन पोट सुटलं.

सहस्रचंद्रदर्शनाच्या सकाळी अकोट्याच्या दिवाणखान्यात ऐंशी दिवे लावले होते. तुकोजीराव पाटावर बसले होते, डोक्याला पागोटं, दोन्ही बाजूंना मोठ्या समया. गुरुजी औक्षणाची वेळ सांगत होते. आनंदने ताट दिलं, निरुपमेने शाल पांघरली. मग माधवरावांनी कापसातून विमान काढून सासऱ्यांच्या हातात ठेवलं.

"जरा लठ्ठ झालंय," आनंद म्हणाला. दोन-तीन माणसं खुसखुसली.

तुकोजीरावांनी एक डोळा मिटून विमान पाहिलं. मग दुसरा मिटून पाहिलं. त्यांनी विमान उलटं केलं आणि पोटावरून अंगठा फिरवला.

"पोट फार स्वच्छ आहे," ते म्हणाले.

माधवरावांना ती स्तुती वाटली. "तीन हात दिलेत, दादासाहेब. बदकाच्या अंड्याचा रंग आहे. पत्रकाप्रमाणे."

शेजारच्या समईच्या वातीजवळ साचलेली काजळी तुकोजीरावांनी तेलासकट बोटावर घेतली आणि विमानाच्या पोटावर सावकाश चोळायला सुरुवात केली. हिरवट रंगावर काळा ओघळ उमटला. चार महिने, सात बशा, सोसायटीची सभा, दोन्ही हात, सगळं त्या बोटाखाली नाहीसं होत होतं.

"दादासाहेब, औक्षण..." गुरुजी म्हणाले.

"थांबा जरा," तुकोजीराव म्हणाले. बोट थांबलं नाही. "मी कायम विमानाखालीच असायचो. वरून कसं दिसतं ते मला काय माहीत? इंजिनाचं तेल गळायचं, पोट काळंकुट्ट. एक दिवस काम कमी होतं. मी रॉकेल घेतलं आणि पोट पुसून काढलं, लख्ख. नांबियार म्हणून पोरगा उडवायचा ते. बावीस वर्षांचा. खूश झाला. म्हणाला, तुकोजी, आज नवीन विमान दिलंस मला. आणि साडेनवाला गेला."

त्यांचं बोट पोटावरून शेपटीकडे सरकलं.

"पाच गेली होती. चार आली," तुकोजीराव म्हणाले. "चारही काळ्या पोटाची. लख्ख पोट खालून लांबूनच चमकलं असेल, असं माझ्या मनाने घेतलं. साहेब म्हणाला, मूर्खा, तसं काही नसतं. नसेलही. पण त्यानंतर स्वच्छ पोटाचं विमान मी सोडलं नाही. साहेब रागवायचा. म्हटलं, रागव."

निरुपमा वडिलांकडे बघत होती. इतकी वर्षं फोटो भिंतीवर होता, आणि हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. आनंद त्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला.

माधवरावांना कळत होतं की आता काही विचारू नये. पण तोंडातून निघून गेलं. "पुसल्यावर रंग कोणता निघाला होता, दादासाहेब?"

निरुपमेने त्यांच्या दंडाला चिमटा काढला. तुकोजीराव मात्र रागावले नाहीत. ते खरंच आठवू लागले. डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले.

"बघितलाच नाही," ते शेवटी म्हणाले. "त्या पोराचं तोंड बघत होतो."

मग त्यांनी विमान माधवरावांच्या पुढे केलं. "शेपटीखाली माझं बोट शिरत नाही. तुमची बारीक आहेत. लावा."

माधवराव नव्या रेशमी सदऱ्यासकट पाटाशेजारी जमिनीवर बसले. समईतली काजळी बोटावर घेऊन ती शेपटीखाली लावू लागले. सगळे पाहुणे उभे होते, गुरुजी घड्याळ बघत होते, आणि कोणीही घाई करत नव्हतं.

"कड राहिली," तुकोजीराव वाकून बघत म्हणाले. "उजवीकडे."

माधवरावांनी पुन्हा समईत बोट घातलं.